गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स १९, स्कोपस या शोधनिबंध-सूचीवर ११. फॉर्मात कोणता लिहायचा?

पिपेटवाली:
विषय रेण्वीय जीवशास्त्र, यीस्टमधलं आरएनए स्प्लायसिंग. एकूण ३१ पेपर. त्यांतले पहिले ९ माहेरच्या आडनावाने, बाकीचे २२ लग्नानंतरच्या. पदोन्नतीच्या फॉर्मात एकूण सायटेशन (इतर पेपरांत झालेले उल्लेख), एच-इंडेक्स (किमान 'एच' सायटेशन असलेले 'एच' पेपर), आय-१० आणि 'इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज' असे चार रकाने आहेत. आकडा कुठला घ्यायचा ते लिहिलेलं नाही. दोन ठिकाणी एवढी तफावत का?

संदर्भकक्ष:
मुळात स्कोपसने तुमच्या दोन प्रोफाइल केल्यात, म्हणून ११ हा अर्धवट आकडा आहे. लेखक-शोधात दोन्ही आडनावं टाकून बघा. दुसरा ऑथर आयडी सापडला की दोन्हींवर टिक करा आणि एकत्र करण्याची विनंती पाठवा. ती लगेच लागू होत नाही, तेव्हा फॉर्मच्या शेवटच्या तारखेला हे करायला बसू नका.

दोन आयडींच्या एच-इंडेक्सची बेरीज मात्र करायची नाही. एकीचा ११ आणि दुसरीचा ६ असेल, तर एकत्र आकडा ११ ते १७ यांच्या मधे कुठेही येऊ शकतो. ३१ पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा. समजा १४व्या पेपरला १५ सायटेशन आहेत आणि १५व्याला १३, तर एच-इंडेक्स १४. विनंती मंजूर होईपर्यंत हाच हिशेब एक्सेलमध्ये करून सोबत जोडता येतो.

ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) नसेल तर आजच काढा. १६ अंकी क्रमांक असतो, फुकट मिळतो. त्यात 'या नावानेही ओळखले जाते' असा रकाना आहे, तिथे जुनं आडनाव लिहा. मग स्कोपस प्रोफाइल त्याला जोडा.

जेलडॉक:
आता स्कॉलरचा १९. तो फुगलेलाही असू शकतो. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच टाकलेले पेपर), पुस्तकातली प्रकरणं यांतले उल्लेखही मोजतं. स्कोपसवर प्रीप्रिंट प्रोफाइलमध्ये वेगळे दिसतात, पण एच-इंडेक्समध्ये धरले जात नाहीत. बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइटवर एक शीर्षक आणि जर्नलमध्ये दुसरं असेल, तर स्कॉलरवर त्याच कामाच्या दोन नोंदी होतात. दोन्हींवर टिक करून 'मर्ज' करा.

त्याहून वाईट म्हणजे आपोआप पेपर जोडण्याची सोय. आडनाव कुलकर्णी, जोशी किंवा पाटील असेल तर कोणा मृदाशास्त्रज्ञाचे पेपर तुमच्या खात्यात येऊन बसतात. सेटिंगमध्ये 'आधी ईमेलने विचारा' हा पर्याय ठेवा. यादी एकदा वर्षानुसार लावून वाचा. पीएचडीच्या दहा वर्षं आधीचा पेपर दिसला की समजायचं काय ते.

आय-१० म्हणजे किमान १० सायटेशन असलेल्या पेपरांची संख्या. ही मोजणी स्कॉलरचीच, स्कोपसच्या पानावर शोधत बसू नका.

पिपेटवाली:
सापडला दुसरा आयडी, ९ पेपर तिथेच पडून आहेत! विनंती पाठवली. पण आकडा नीट करूनही स्प्लायसिंगवाले कॅन्सरवाल्यांपुढे किरकोळच दिसणार. त्याचं काय करायचं?

ॲगरोज:
सायटेशनचा आकडा कामाच्या जातीवर ठरतो. सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर लाउरींचा, १९५१ सालचा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा. ३ लाखांहून जास्त सायटेशन. लेमली १९७० (जेलवर प्रथिनं वेगळी करणं), ब्रॅडफर्ड १९७६ (पुन्हा प्रथिनं मोजणं) हेही पद्धतींचेच. आणि वॉटसन-क्रिकचा १९५३चा दुहेरी सर्पिलाचा पेपर? २०१४ साली निघालेल्या पहिल्या शंभरांच्या यादीत तो नव्हता! जे सगळ्यांना पाठ असतं त्याचा संदर्भ कोणी देत नाही.

तुमच्यासाठी आयसाइट बरं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं हे ऑनलाइन साधन आहे, फुकट. पबमेड (वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरांची सूची) क्रमांकांची यादी चिकटवली की प्रत्येक पेपरचा आरसीआर, म्हणजे सापेक्ष सायटेशन गुणोत्तर, मिळतो. त्या पेपरसोबत ज्या इतर पेपरांचा उल्लेख होतो, त्यांच्याशी तुलना करून तो काढतात, म्हणून स्प्लायसिंगचा पेपर स्प्लायसिंगच्याच शेजाऱ्यांशी तोलला जातो. १.० म्हणजे एनआयएचच्या निधीवर झालेल्या मधल्या पेपरइतका. अगदी ताज्या पेपरचा आरसीआर फार गंभीरपणे घेऊ नका.

संदर्भकक्ष:
'इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज' हा रकाना ज्याने काढला त्याला साष्टांग नमस्कार. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो. २०२३चा म्हणजे, २०२१ आणि २०२२ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२३ मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले शोधलेख आणि आढावे. तुमच्या पेपरला शून्य सायटेशन असली तरी बेरीज वाढतेच. २०१२च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचा, म्हणजे डोराचा, आक्षेप हाच होता. तरी रकाना रिकामा सोडू नका, अर्ज परत येईल. आकडा भरा आणि कुठल्या वर्षाचे इम्पॅक्ट फॅक्टर घेतले ते शेजारी लिहा.

जेलडॉक:
स्व-सायटेशन वगळण्याची सोय स्कोपसवर आहे. तोही आकडा काढून ठेवा, समितीत कोणीतरी विचारतंच. प्रत्येक आकड्यासोबत स्रोत आणि तारीख लिहा, त्याच दिवशीचा स्क्रीनशॉट जोडा. दोन महिन्यांनी छाननी होईल तेव्हा आकडे बदललेले असतील.