विषय: अरोरा (ध्रुवीय प्रकाश) बघायला नेमकं कधी निघायचं?

नमस्कार मंडळी,
शुक्रवारी ॲपवर केपी ६ दाखवत होतं म्हणून आई-बाबांना घेऊन इथे कॅनडात एडमंटनजवळच्या एल्क आयलंड उद्यानात गेलो. आकाश निरभ्र, पण बारापर्यंत थांबूनही काही दिसलं नाही. एप्रिलमध्ये दोघं नाशिकला परत जातील. काका, तुम्ही कशावरून ठरवता?
– शेरवुड पार्क

नमस्कार,
केपी म्हणजे साऱ्या पृथ्वीवरच्या चुंबकीय खळबळीचा मिळून तीन तासांचा एक आकडा, आणि आदल्या दिवशी दिसतो तो निव्वळ अंदाज. सूर्यावरून प्लाझ्माचा ढग सुटला, तो एक ते तीन दिवसांत पोचेल, एवढं आधी सांगता येतं. त्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा मात्र ढग पृथ्वीच्या पुढे, सूर्याच्या दिशेला असलेल्या एल-१ बिंदूवरच्या यानांवर आदळल्याशिवाय खात्रीने कळत नाही. आणि सगळं अडतं ते तिथेच. बीझेड, म्हणजे त्या क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, उणे म्हणजे दक्षिणमुखी असेल तर ते क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत येते. अधिक, म्हणजे उत्तरमुखी असेल तर सौरवारा (सूर्याकडून येणारा कणांचा प्रवाह) कितीही जोरात असो, दार बंदच.

म्हणून केपी सोडा, बीझेडचा आलेख बघा. नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर मिनिटामिनिटाला मिळतो. उणे १० नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली जाऊन अर्धा तास तिथेच राहिला आणि सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ५०० किमीच्या वर असला, की मी थर्मास भरायला घेतो. क्षणभर बुडी मारून वर आला तर निघत नाही. एल-१ इथून १५ लाख किमी. वेग ४०० असेल तर तासभर हाताशी, ८०० असेल तर जेमतेम अर्धा तास. तेव्हा स्वेटर-कानटोप्या दाराशीच ठेवा. अल्बर्टा विद्यापीठाच्या अरोरावॉचचे ईमेल इशारेही सुरू करून घ्या, ते आपल्याच भागातल्या मोजणीवर चालतात.

१० मे २०२४ ला बीझेड उणे ५० च्या आसपास गेला होता. त्या रात्री लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनीही लाल प्रकाश टिपला. बाबांना हेही सांगा, आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून एल-१ वरूनच हे क्षेत्र मोजतंय.
– मिल वुड्स

काकांच्या म्हणण्यात एक भर. उत्तरेला नुसता पांढुरका पट्टा दिसला तरी परत फिरू नका. फोनवर तीन सेकंदांचा फोटो काढा; हिरवा आला तर अरोराच. तासाभरात तो अचानक उसळूही शकतो. तोवर आईंना गाडीतच बसू द्या, फक्त हेडलाइट बंद ठेवा.
– सेंट अल्बर्ट