अंबाजोगाईच्या डोंगरात चालवायला एमटीबी (डोंगरी सायकल): 25 हजारांत कोणती बघावी?

गुरुजी_अंबाजोगाई:
नमस्कार मंडळी. उंची 5 फूट 5 इंच, वजन 82. बजेट 25 हजार, वर एक रुपया नाही, पोरीची फी भरायचीय. शाळेला रोज जाऊन-येऊन 14 किलोमीटर, त्यातली चार गाडीवाट. रविवारी मुकुंदराज, बुट्टेनाथच्या बाजूला हिंडायचं. लातूरला एका दुकानात पुढं-मागं दोन्हीकडं शॉकअप असलेली दाखवली, 18 हजाराला. दिसायला मोटरसायकलच! दुकानदार म्हणतो डोंगराला हीच लागती. पोरगं तिच्यावरून उतरायलाच तयार नव्हतं. घेऊ का?

बालाघाटी:
सर, नका घेऊ. मी हौसेनं असलीच घेतली होती. मांजरसुंब्याच्या घाटात पायडल मारलं की मागचा शॉकअप खाली बसायचा, सायकल झुलायची अन् मी तिथंच. सगळा जोर स्प्रिंग दाबण्यात जायचा. दीड वर्षात मागच्या सांध्यातलं बुश गेलं, बीडात पार्ट मिळेना. आता आमचा गडी मोटर चालू करायला शेतात नेतो तिला.

फक्त पुढं शॉकअप असलेली, अलॉय फ्रेमची बघा. फोर्कला (पुढच्या शॉकअपच्या दांड्यांना) लॉकआउट, म्हणजे शॉकअप बंद करायची कळ पाहिजे, चढाला अन् डांबरीवर बंद करून टाकायचा. तुमच्या उंचीला फ्रेम 16-17 इंच. मधली नळी दोन पायांमधे घेऊन दोन्ही पाय जमिनीला टेकून उभं राहा, नळीच्या वर दोन-तीन इंच मोकळं राहिलं पाहिजे. गिअर किती, हे दुकानदार आधी सांगतो. तुम्ही विचारा, मागं फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी फिरवून बसवलेली गिअरची चकती) आहे का कॅसेट (हबच्या खाचांत सरकवून बसवलेली). आपल्या वजनाला (मी 85!) फ्रीव्हीलवाल्या हबचा मागचा अ‍ॅक्सल वाकतो. माझा दोनदा वाकला.

ब्रेक डिस्कच घ्या. पावसाळ्यात आपली काळी माती व्ही-ब्रेकच्या (रिमला दोन्हीकडून रबर दाबणाऱ्या) फटीत अशी बसती की चाक फिरत नाही, काडीनं उकरत बसावं लागतं. हायड्रॉलिक चांगला, पण तालुक्याला तेल भरून देणारा कोण? केबलची डिस्क असली तर पान्यानं स्वतः आवळता येती.

अन् सराटे! ह्याच्यावर कुणीच बोलत नाही. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारं पातळ औषध) भरूनच घ्या. पंक्चर काढलं की टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथं धागा अडकला, तिथं काट्याचं टोक मोडून बसलेलं असतं. बोटानं चाचपायला गेलो तर माझंच रक्त निघालं होतं. कापूस काय, आपल्याकडं कमी नाही.

मांजराकाठ:
बाकी सगळं पटलं, पण कुणी 29 इंची चाक गळ्यात मारलं तर विचार करा. खड्ड्यांवरून मस्त जाती, मान्य. पण केजला ट्यूब मागितली तर माणूस तोंडाकडं बघत बसला. 26 ची कुठंही मिळती. शिवाय व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असलेलाच घ्या, म्हणजे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येती. जरा जपून, तो सवयीनं ट्रॅक्टरएवढी मारतो. कच्च्याला 35 पीएसआय बास.

गुरुजी_अंबाजोगाई:
आज परत जाऊन आलो. 27.5 ची एक बसवून बघितली, 17 ची फ्रेम, लॉकआउट आहे, केबलची डिस्क, मागं कॅसेट. 23,500 म्हणतो. पोरगं रुसलंय. दोन जादा ट्यूबा अन् सीलंट त्यातच मागायलोय. एकच राहिलं: साइड स्टँड बसतो का? भिंतीला टेकवली की हिचं सुरू होतं, रंग निघाला म्हणून.

बालाघाटी:
बसतो. फक्त डिस्कच्याच बाजूला येतो, तर कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या भागाला) घासतोय का ते दुकानातच चाक फिरवून बघा. अन् ट्यूबा सोडू नका, चहा पाजून गप करतील तुम्हाला.