मदत हवी आहे: सहापैकी एकच अणू उत्तेजित केला, तर ऊर्जा अडकून का पडते?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी वेव्हगाइडला (प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद वाटेला) जोडलेल्या अणूंच्या रांगेचं सिम्युलेशन करतेय. सहा अणू, शेजारच्या दोघांत बरोबर एक तरंगलांबी अंतर, आणि प्रकाश फक्त वेव्हगाइडमध्येच जातो असं धरलंय. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकीचा 1954चा पेपर वाचल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. अणू सुटे सुटे न विझता मिळून प्रकाश सोडतात, हे मला फार विलक्षण वाटतं. म्हणून आकडा नुसता जुळवायचा नाही, कारण समजून घ्यायचंय.

फक्त पहिला अणू उत्तेजित करून सोडला, तर तो उत्तेजित असण्याची शक्यता 1 वरून 0.694 ला येते आणि तिथेच थांबते. बाकी पाचांवर प्रत्येकी 0.028. रन कितीही लांबवला तरी आकडे हलत नाहीत.

दुसरं, सहाही उत्तेजित करून सुरुवात केली की सुपररेडियन्सची, म्हणजे मिळून सोडलेल्या प्रकाशाची, उसळी यायला हवी. मला नुसती घातांकी घसरण दिसते, 6 गॅमा वेगाने (गॅमा म्हणजे एकट्या अणूचा विझण्याचा वेग). नॉन-हर्मिशियन हॅमिल्टोनियन (ऊर्जेची गळतीही धरणारा ऑपरेटर) वापरलाय. कुठे चुकतंय?

प्रतिसाद: 0.694 बरोबर आहे, त्याला हात लावू नका. या अंतरावर सहाही अणूंचा प्रकाश एकाच फेजमध्ये मिळतो, त्यामुळे एकच स्थिती उजळ, म्हणजे प्रकाश सोडणारी: सहांचा समान वाटा असलेली, सहापट वेगाने विझणारी. तुमच्या सुरुवातीत तिचा हिस्सा 1/6, तो निघून गेला. उरलेला 5/6 डार्क स्थितींत आहे, तिथे अणूंचा प्रकाश एकमेकांना खोडून टाकतो. पहिल्या अणूचा ॲम्प्लिट्यूड 5/6 उरतो, त्याचा वर्ग म्हणजे शक्यता: 25/36, तुमचे 0.694.

दुसऱ्यात मात्र चूक आहे. तो हॅमिल्टोनियन एकटा घेतला तर 'अजून एकही फोटॉन सुटलेला नाही' एवढ्यापुरतंच गणित होतं. मास्टर इक्वेशनमधली (गळतीसकट पूर्ण समीकरणातली) जम्प टर्म घाला, म्हणजे फोटॉन सुटल्यावर अणूंची स्थिती बदलते तो भाग. मग एकेक फोटॉन सुटताना वेग 6, 10, 12, 12, 10, 6 गॅमा असा बदलतो. मधले 12 म्हणजेच तुमची उसळी.

धागाकर्ती: घातली, आणि उसळी आली! मनापासून आभार. आता अंतर 1 टक्क्याने वाढवलं, तर सहा अणूंची मिळून 0.833 वर थांबणारी बेरीज हळूहळू उतरतेय. डार्क स्थिती गळायला लागल्या, असंच ना? आणि उसळीसाठी शिडीच्या सात पायऱ्या (सहा उत्तेजित ते शून्य उत्तेजित, अशा समान वाट्याच्या सात स्थिती) आता पुरणार नाहीत?

प्रतिसाद: दोन्ही बरोबर. सहा अणूंच्या सगळ्या 64 (2⁶) स्थिती घ्या. 64 × 64 चा डेन्सिटी मॅट्रिक्स (सगळ्या स्थितींच्या शक्यता आणि त्यांचे संबंध मांडणारा तक्ता) लॅपटॉपवर आरामात चालेल.