मदत हवी आहे: व्हेस्टा या लघुग्रहाच्या वर्णपटात ०.९३ मायक्रॉनची खाच दिसतच नाही

वक्री_गती:
१०० रेषा प्रति मिमी ग्रेटिंग (प्रकाश रंगांत पसरवणारी काच) लावून व्हेस्टाचा वर्णपट घेतला, ताऱ्याच्या वर्णपटाने भागला, ०.५५ मायक्रॉनला १ धरून आलेख काढला. पायरॉक्सीन या खनिजाची खाच (ते प्रकाश शोषतं ती जागा) ०.९३ च्या आसपास हवी, तिचा पत्ताच नाही. ०.७ च्या पुढे नुसते झटके. शिवाय ०.४८६ आणि ०.६५६ ला उंचवटे आलेत, ते कुठल्या खनिजाचे? प्रतियुती (व्हेस्टा आकाशात सूर्याच्या समोर येतो ती वेळ) उलटून गेलीय, व्हेस्टा मंदावत चाललाय. लवकर सांगा.

सप्तर्षी७:
कॅमेरा कुठला? भागलं तो तारा कुठला? दोन्ही घेताना क्षितिजापासून उंची किती होती?

वक्री_गती:
कॅमेरा रंगीत, नेहमीचाच. तारा वेगा. सगळे तोच वापरतात ना?

काळी_रेघ:
इन्स्ट्रुमेंट रिस्पॉन्ससाठी (आपली उपकरणं कुठल्या रंगाला किती संवेदनशील ते काढायला) वापरतात, यासाठी नाही. वेगा ए-वर्गातला, त्याच्या हायड्रोजनच्या शोषणरेषा बरोब्बर ०.४८६ आणि ०.६५६ ला. त्या खोल रेषांनी भागलंत म्हणून तिथे उंचवटे आले. खनिजाचा काही संबंध नाही. लघुग्रह सूर्यप्रकाशच परत पाठवतो, तेव्हा सूर्यासारखा तारा घ्या: १६ सिग्नी बी किंवा हायडीज ६४.

झटक्यांचं कारण वेगळं. रंगीत कॅमेऱ्यात बहुतेक वेळा सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच असते. अंश आणि छेद दोन्ही शून्याजवळ गेले की भागाकारात गोंगाटच उरतो. ती काच नसलेला मोनो (कृष्णधवल) कॅमेरा हवा.

चार_फिल्टर:
ग्रेटिंगच्या नादी कशाला लागता? स्लोनचे आर, आय, झेड फिल्टर (लाल ते अवरक्त पट्ट्यांचे) लावून रंग मोजा. व्हेस्टाचा आय उणे झेड (दोन फिल्टरमधल्या तेजांकांचा फरक) ठळक ऋण येतो, कारण खाच झेडमध्येच पडते.

काळी_रेघ:
झेडलाही मोनो कॅमेराच लागणार. आणि फिल्टर आलटून-पालटून घ्या: व्हेस्टा ५.३४ तासांत स्वतःभोवती फिरतो, तेजातला बदल रंगात मिसळतो. तीन बिंदूंवरून खाचेचा मध्य कुठे आहे तेही कळत नाही.

कक्षा_आठ:
नवा लघुग्रह सापडला असेल तर आधी मायनर प्लॅनेट सेंटरच्या (लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीशी ताडून बघा. एका रात्रीत ३-४ फ्रेम, दोन फ्रेममध्ये २०-३० मिनिटं, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा.

सप्तर्षी७:
कक्षा_आठ, व्हेस्टा ओल्बर्सने १८०७ मध्येच शोधलाय, इथे प्रश्न वर्णपटाचा आहे.
धागाकर्ते, मोनो कॅमेऱ्यानंतरही दोन अडचणी येतील. ग्रेटिंग एकापुढे एक वर्णपट (क्रम) पाडते; ०.७६ पासून दुसऱ्या क्रमाचा निळा प्रकाश पहिल्या क्रमावर चढतो, ०.९३ वर ०.४६५ चा प्रकाश येऊन बसतो आणि खाच भरून काढतो. ०.५ च्या खालचं सगळं अडवणारा फिल्टर लावून वेगळा संच घ्या, तो १ मायक्रॉनपर्यंत स्वच्छ राहतो. दुसरी अडचण हवेतल्या बाष्पाची, त्याचा पट्टा ०.९४ च्या आसपास, म्हणजे नेमका तुमच्या खाचेवर. म्हणून उंची विचारली. तारा आणि व्हेस्टा सारख्याच उंचीवर, लागोपाठ घ्या. नाहीतर बाष्पाची खाच पायरॉक्सीन म्हणून खपून जाईल.

दगडधोंडे:
अवांतर: हॉवर्डाइट, युक्राइट, डायोजेनाइट या उल्कापाषाणांचे वर्णपट व्हेस्टाशी जुळतात. तुलनेला युक्राइटचा आलेख शेजारी ठेवा.

वक्री_गती:
मोनो मिळेपर्यंत ०.४५ ते ०.६८ एवढंच काढतो. लाल बाजूला चढ दिसला की व्ही-प्रकार (व्हेस्टासारखा लघुग्रह) म्हणता येईल ना?

काळी_रेघ:
नाही. तेवढ्या भागात एस-प्रकारही (खडकाळ लघुग्रह) चढतोच. सपाट सी-प्रकार (कार्बनयुक्त) नाही, इतकंच म्हणता येईल. एस की व्ही ते ०.७५ च्या पुढेच ठरतं.