ब-४०२ मधली हलणारी खुर्ची

सचिव, शुक्रवार, सकाळी ९:१०
सर्व सभासदांना नमस्कार. ब विंगमध्ये रात्री दणके ऐकू येतात, अशा तीन तक्रारी गेल्या दोन आठवड्यांत समितीकडे आल्या आहेत. ब-४०२ च्या सभासदांनी घरी गाड्यांच्या शर्यतीचा सिम्युलेटर उभारला असून त्याची बैठक मोटारींवर हलते, असे कळते. हे यंत्र नेमके काय आहे, त्याचे वजन किती आणि त्याला वीज किती लागते, हे त्यांनी कृपया इथेच लिहावे, म्हणजे रविवारच्या बैठकीपर्यंत अफवांना पाय फुटणार नाहीत.

ब-३०२, सकाळी ९:४०
मी लेखी तक्रार दिलीच आहे, तरी पुन्हा सांगते. रात्री दहाच्या पुढे आमच्या स्वयंपाकघरातील फळीवरचे स्टीलचे डबे किणकिणायला लागतात, आणि मधूनच कोणीतरी वरवंटा टाकावा तसा ठोका येतो. नातवाचे दहावीचे वर्ष आहे. ४०२ चा मुलगा गुणी आहे, लहानपणापासून पाहते आहे, म्हणून आतापर्यंत वर येऊन बेल वाजवली नाही.

ब-४०२, संध्याकाळी ७:५५
काकू, सचिव साहेब आणि इतर सर्व, दिवसभर कार्यालयात होतो आणि अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सवडीने लिहावे असे वाटले, म्हणून उशीर झाला. त्रास माझ्यामुळेच होतो आहे, याबद्दल शंका नाही, आणि त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

यंत्र असे आहे. लोखंडी चौकोनी पाइपांची एक चौकट असून तिच्यावर जुन्या गाडीची सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवले आहेत. ही चौकट मधोमध एका यूजे क्रॉसवर, म्हणजे गाडीच्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये असतो त्या सांध्यावर, टेकलेली आहे. त्यामुळे ती पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे कलू शकते, पण गोल फिरू शकत नाही. मागच्या दोन कोपऱ्यांत बसच्या वायपरच्या दोन २४ व्होल्टच्या मोटारी आहेत, ज्या मला जुन्या बाजारात दोन रविवार घालवल्यावर मिळाल्या. दोन्ही मोटारी एकाच दिशेने फिरल्या तर बैठक पुढे किंवा मागे कलते, विरुद्ध दिशांनी फिरल्या तर ती कुशीवर झुकते. गेममधली गाडी त्या क्षणी किती वेग घेते आहे, किती ब्रेक लागला आहे आणि वळणावर ती किती ओढली जाते आहे, हे आकडे संगणक सतत एका आर्डुइनोला, म्हणजे छोट्या नियंत्रक सर्किटला, पाठवतो आणि तो मोटारींना पुढचा कोन सांगतो.

मोटारीच्या क्रँकची लांबी ६० मिलिमीटर आहे आणि ती सांध्यापासून ६०० मिलिमीटर अंतरावर आहे. क्रँक मी दोन्ही बाजूंना ६० अंशांपर्यंतच जाऊ देतो, म्हणून बैठकीचा कल जेमतेम ५ अंश होतो. माणसासकट वजन सुमारे २२० किलो भरते. विजेचे म्हणाल तर २० अँपिअरचे दोन पॉवर सप्लाय आहेत. दोन्ही पूर्ण भाराने चालले तरी एक किलोवॅटच्या आसपास, म्हणजे आपल्या गिझरच्या निम्म्याने, आणि ही वीज माझ्याच मीटरवर मोजली जाते.

अ-५०३, रात्री ८:२०
फक्त ५ अंश? शर्यतीतली गाडी ब्रेक मारते तेव्हा चालक पट्ट्यांत अक्षरशः लटकतो. पाच अंशांत काय कळणार, दादा? व्हिडिओत तर लोक चांगले फूटभर वर-खाली होताना दिसतात.

ब-४०२, रात्री ८:४५
प्रश्न रास्त आहे, आणि सुरुवातीला माझाही गैरसमज हाच होता. ५ अंश कलल्याने गुरुत्वाकर्षणाचा जेमतेम अकरावा-बारावा भाग अंगावर येतो. अर्ध्या जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतका, जोर खरोखर द्यायचा तर बैठक ३० अंश पुढे झुकवावी लागेल, आणि मग गाडीत बसल्यासारखे न वाटता डोंगराच्या कड्यावर ओणवे झाल्यासारखे वाटेल. घरगुती यंत्राला खरा जोर पोहोचवताच येत नाही, त्याला केवळ त्या जोराची सूचना द्यायची असते. ब्रेक दाबल्याच्या क्षणी बैठक चटकन दोन अंश पुढे झुकली की उरलेले चित्र डोळे आणि हात पूर्ण करतात. ती झुकण्यात उशीर झाला, तर मात्र दहा अंशही फुकट जातात.

क-६०१, रात्री ९:०५
यात वैद्यकीय भर घालते. आतल्या कानात तोल सांभाळणारी दोन निरनिराळी इंद्रिये आहेत. अर्धवर्तुळाकार नलिकांना डोक्याचे फिरणे कळते. आणि ओटोलिथ, म्हणजे जेलीसारख्या थरावर बसलेले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे, यांना सरळ रेषेतला धक्का कळतो. या खड्यांना गुरुत्वाकर्षण आणि वेगातला बदल यांत फरक करता येत नाही. मागे कललेला माणूस आणि पुढे जोराने निघालेल्या गाडीतला माणूस, दोघांचे खडे सारखेच सरकतात. म्हणून वैमानिकांच्या सिम्युलेटरमध्ये बैठक सेकंदाला सुमारे ३ अंशांपेक्षा हळू कलवतात, म्हणजे नलिकांना फिरणे जाणवत नाही आणि मेंदू त्या कलालाच वेग समजतो. डोळे एक सांगत आहेत आणि कान दुसरे, असे झाले की मात्र मळमळ ठरलेली. लहान मुलांना जेवणानंतर लगेच बसवू नका.

ब-१०५, रात्री ९:३०
या विषयाचा उगम शर्यतीत नाही, हे तरुण मंडळींना सांगायला हवे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरचे विमान-शिक्षणयंत्र बनवले ते वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून. हवा सोडली की डबा झुकायचा. सिम्युलेटर हलवणारे सहा पायांचे जे व्यासपीठ सगळे ‘स्टुअर्ट’ म्हणून ओळखतात, ते स्टुअर्ट यांच्या १९६५ च्या निबंधाच्या दहाएक वर्षे आधी डनलॉप कंपनीतल्या एरिक गॉफ यांनी टायर तपासण्यासाठी केले होते. नाव दुसऱ्याचेच चिकटले. कारखान्यात हे नेहमीच होते.

आता मुद्द्यावर येतो. माझी ३४ वर्षे भोसरीत प्रेसखालचे पॅड बसवण्यात गेली आहेत, म्हणून ४०२ ला तीन प्रश्न विचारतो. ठोका नेमका केव्हा येतो, पायाखाली काय घातले आहे, आणि ते घातल्यावर खालच्या घरातला आवाज कमी झाला की वाढला?

ब-४०२, रात्री ९:५०
काका, ठोके दोन प्रकारचे आहेत. मोठा ठोका आजवर एकदाच झाला, गेल्या मंगळवारी. क्रँकचा कोन मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरची एक तार सैल झाली. आर्डुइनोला ० ते १०२३ मधला आकडा मिळायला हवा, तो एकदम ० वर आला; बैठक दुसऱ्या टोकाला आहे असे समजून त्याने मोटार पूर्ण जोराने पळवली आणि क्रँक लोखंडी थांब्यावर आदळला. त्या रात्रीच प्रोग्राममध्ये मर्यादा घातली की आकडा १०० च्या खाली किंवा ९२० च्या वर गेला तर मोटारीचा पुरवठा तोडायचा. शिवाय हाताशी लाल मशरूम बटण लावले आहे, आणि त्याची जोडणी नेहमी बंद असणाऱ्या संपर्कातून केली आहे, म्हणजे बटणाची तार तुटली तरी यंत्र थांबेल.

लहान ठोके मात्र प्रत्येक वळणावर येतात. पायाखाली व्यायामशाळेत असते तशी २५ मिलिमीटर जाडीची रबरी मॅट पूर्ण चौकटीखाली अंथरली आहे. मॅट टाकल्यावर आवाज कमी होईल असे वाटले होते, पण काकूंच्या पहिल्या तक्रारीची तारीख पाहिली तर ती मॅट टाकल्याच्या दुसऱ्या दिवसाची निघाली.

ब-१०५, रात्री १०:१५
मला हेच ऐकायचे होते. उद्या फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पट्ट्या, घेऊन वर येतो. कोणी बसले असता मॅट किती दबते, ते मोजू.

ब-१०५, शनिवार, दुपारी १२:३०
मोजले. एवढ्या मोठ्या मॅटवर २२० किलो पसरल्यामुळे ती फक्त ०.४ मिलिमीटर दबते. हिशेब सोपा आहे: १५.८ ला दबलेल्या मिलिमीटरांच्या वर्गमुळाने भागले की रबरावर टेकलेल्या यंत्राची स्वतःची कंपने सेकंदाला किती, ते येते. इथे उत्तर २५. या आकड्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जलद कंपनेच रबर अडवते; २५ च्या आसपासची कंपने ते उलट वाढवून खाली देते, आणि घरातल्या स्लॅबची स्वतःची कंपनेही साधारण याच टप्प्यात असतात. म्हणजे मॅटने ठोक्याला झोपाळ्यावर बसवून झोका दिला आहे. जाड रबर म्हणजे मऊ रबर, ही समजूत मी कित्येक अनुभवी फोरमनांमध्येही पाहिली आहे. पॅड किती दबला, एवढेच पाहायचे.

आधी ठोका जिथे जन्मतो तिथे मारायला हवा. वायपरच्या मोटारीच्या वर्म गिअरमध्ये मोकळीक आहे. मोटार उलटी फिरली की दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतो. हाताने बैठक हलवली तर कट-कट बोटांना जाणवते. दोन्ही कोपऱ्यांना ताणलेली स्प्रिंग लावा, म्हणजे दात नेहमी एकाच बाजूने टेकलेले राहतील. मोटारीवरचा वजनाचा भारही हलका होईल. खालचा रॉड एंड, म्हणजे दांड्याच्या टोकाचा सांधा, ढिला झाला आहे, तो बदला.

त्यानंतर मॅट काढा आणि चार कोपऱ्यांत चार लहान मऊ पॅड ठेवा, भारासकट ६ मिलिमीटर दबणारे. मग आकडा साडेसहा येईल आणि ९ च्या वरचे सगळे गळायला लागेल.

ब-४०२, दुपारी १:०५
पण पाया इतका मऊ केला तर बैठकीबरोबर पायाही डोलणार नाही का?

ब-१०५, दुपारी १:२०
डोलेल, म्हणून तो जड करा. चौकटीखाली कडप्प्याची दोन बाय चार फुटांची, दीड इंची फरशी टाका. ती सुमारे ७५ किलो भरते. पॅड निवडताना हे वजन धरा. आणि साडेसहाच्या आसपासची थरथर बैठकीला देऊच नका, सॉफ्टवेअरमध्ये तेवढा पट्टा चाळून टाका. झुकणे आणि उठणे सेकंदाला एक-दोन वेळाच असते, त्याला काही होणार नाही.

सचिव, दुपारी २:००
म्हणजे एकूण वजन ३०० किलोच्या जवळ जाते. स्लॅबला चालेल का, हे समितीला लेखी हवे.

ब-१०५, दुपारी २:१५
भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरलेला असतो. यंत्राचा पाया दीड चौरस मीटर आहे. भार मर्यादेच्या टोकाला येतो, म्हणून यंत्र खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या बाजूला, भिंतीलगत सरकवावे आणि त्याच खोलीत पुस्तकांचे कपाट ठेवू नये. लेखी हवे असेल तर ते मी देऊन चालणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्यावी, आणि तो खर्च ४०२ ने करावा.

ब-४०२, दुपारी २:३०
मान्य आहे. सही होईपर्यंत आणि पॅड बसेपर्यंत यंत्र बंद ठेवतो. त्यानंतरही रात्री साडेनऊनंतर ते सुरू करणार नाही.

ब-४०२, तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:१०
इंजिनिअरचे पत्र सचिवांकडे दिले आहे. स्प्रिंगा, रॉड एंड, फरशी आणि पॅड बसले; पॅड मोजून पाहिले, चारही ५.५ ते ६.५ मिलिमीटरच्या दरम्यान दबतात. काकू, काकांनी तुमच्या टेबलावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवला आहे. मी आता पंधरा मिनिटे यंत्र चालवतो. ब्रेक, वळणे आणि गेममधल्या रस्त्याच्या कडेच्या दातेरी पट्ट्या, सगळे करून पाहतो. पाण्यावर तरंग उठला तर वेळ लिहून ठेवा.

ब-३०२, सकाळी ११:३२
डबे गप्प होते. पेल्यात तरंग एकदाच उठला, ११:२७ ला, आणि तेव्हा तुमच्या काकांनी घड्याळ पाहून सांगितले की यंत्र तर थांबलेले आहे. तो ठोका तुम्ही खुर्चीतून उतरताना आपटलेल्या पायाचा होता.