सल्ला हवा: बाथरूममधल्या गॅस गीझरचा धूर कुठे काढायचा? (सातारा, बजेट ६०००)

मृण्मयी_शाहूपुरी
नमस्कार मंडळी. शाहूपुरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय, दुसरा मजला. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी चौघांचं पाणी पातेल्यात तापवता तापवता डब्याला शेगडीच मोकळी मिळत नाही. दुकानदार म्हणतोय सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा, गॅस गीझर घ्या. बाथरूम चार बाय सहा, वर झडपांची छोटी खिडकी, आणि ती इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडते. "खिडकी आहे ना, मग पाइपबिइप काही लागत नाही," असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाहीये. धूर कसा काढायचा, आणि मुळात बाथरूममध्ये बसवावा का, एवढंच विचारायचं आहे. बजेट फिटिंगसकट सहा हजार. वायरिंग जुनं आहे, बाथरूममध्ये फक्त बल्बचा पॉइंट. कृपया सोलर सुचवू नका, गच्ची आमची नाही.

कराडकर_काका
सोलर घ्या. एकदाच काय ते पैसे जातील, मग वीस वर्षं बघायला नको. आमच्याकडे दोनशे लिटरचं आहे, डिसेंबरातसुद्धा नळाखाली हात धरवत नाही.

मृण्मयी_शाहूपुरी
काका, गच्ची आमची नाही हो.

कराडकर_काका
मालकाशी बोलून बघा. फायदा त्यांचाही आहे.

गोडोलीचा_गण्या
ताई, एवढा विचार कशाला करताय? आमच्याकडं कधीपासनं बाथरूममध्येच हाय. पाइप नाय, पंखा नाय, काय नाय. आजतागायत कुणाला काय झालं नाय. खिडकी उघडी ठेवायची, बास. माझा तर साडेतीन हजारात बसला, फिटिंग मित्रानं फुकट केलं.

सांगलीची_हळद
गण्या, नशिबावर सल्ले देऊ नकोस. माझ्या नणंदेची मुलगी बारावीला असताना बाथरूममध्ये पडली. कडी आतून लावलेली, दार फोडावं लागलं. हातपाय आखडले होते म्हणून सगळ्यांना वाटलं फिट आली. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, फिटच्या गोळ्याही सुरू झाल्या. महिन्याभराने पुन्हा तसंच, पुन्हा बाथरूममध्येच! तेव्हा एका तरुण डॉक्टरने विचारलं, घरी गॅस गीझर आहे का? तोवर कुणी विचारलंच नव्हतं. गीझर काढला, फिट बंद. तुम्ही सरळ इलेक्ट्रिक घ्या. आमच्या विश्रामबागेत घरोघरी पंचवीस लिटरचे आहेत.

माणदेशी
सांगलीत गीझर लागतोच कशाला? तिकडं थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर.

सांगलीची_हळद
येऊन बघा जानेवारीत हरिपूरच्या घाटावर पहाटे, मग बोला.

पुणेरी_हिशेब
मूळ प्रश्नाकडे येऊ. सहा लिटरचा गीझर पूर्ण चालला तर ताशी साधारण पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला ढोबळमानाने बारा घनमीटर हवा लागते. चार बाय सहाचं बाथरूम, उंची नऊ फूट धरली, तर आत हवा सहा घनमीटरच. म्हणजे चौघांच्या आंघोळी पाठोपाठ झाल्या आणि गीझर अर्धा तास चालला, तर त्याला जवळजवळ अख्ख्या बाथरूमची हवा लागते. ती संपेपर्यंत काही होत नाही असंही नाही. ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्के उतरला तरी ज्योत बिघडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. पहिल्याला काही होत नाही, चौथ्याला होतं. आणि चौथा बहुतेक घरात म्हातारं माणूस असतं किंवा स्वयंपाक आटपून आलेली बाई.

गोडोलीचा_गण्या
गणित भारी हाय, पण गॅस लीक झाला तर वास येतोच की. नाक हाय ना माणसाला.

स्टेथो_सदरबझार
गण्या, वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. त्यात मुद्दाम मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड जळताना तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. काहीतरी बिघडलंय हे माणसाला कळतं, पण उठून कडी काढण्याइतकी ताकद उरत नाही. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे, त्यावरही भरवसा ठेवू नका. रक्ताला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्या यंत्राला कळत नाही, ते आरामात ९८ दाखवतं. असं कुणी सापडलं तर आधी गीझर बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात पहिलं वाक्य "गॅस गीझर चालू होता" हेच सांगा. हळदताईंनी सांगितलं तसं फिट समजून उपचार होणं आम्ही बघितलेलं आहे.

कराडकर_काका
म्हणून तर आम्ही स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर बसवलाय. दोन हजाराचा. तो बाथरूममध्येही लावता येईल.

स्टेथो_सदरबझार
काका, तो एलपीजी गळतीचा असेल. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून तो अलार्म जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा येतो. घेताना खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा.

कराडकर_काका
आमचा इंपोर्टेड आहे.

फिटर_मामा
ताई, मी या लाइनीत बरीच वर्षं आहे, गीझर बसवतो पण आणि लोकांनी बसवलेले काढतो पण. स्पष्ट सांगतो, बाथरूममध्ये बसवू नका. दुकानदाराला माल खपवायचाय. नीट माहितीपुस्तक उघडून बघा, त्यातच लिहिलेलं असतं की गीझर बाथरूमबाहेर, हवेशीर जागेत लावा. लोक पुस्तक खोक्यातच ठेवतात, खोकं माळ्यावर.

धुराचं म्हणाल तर डक्टमध्ये सोडू नका. डक्ट खालून बंद असतं, वर कुणीतरी पत्रा टाकलेला असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची खिडकी पण तिथंच उघडते. तुमचा धूर त्यांच्या घरात. पाइप लावायचाच तर आधी गीझरच्या डोक्यावरून सरळ वर न्यायचा, मग वळवून मोकळ्या हवेत काढायचा. वळणं कमी, लांबी कमी. ॲल्युमिनियमचा चालतो, पीव्हीसी नाही. एका ठिकाणी ड्रेनेजचा पाइप लावलेला बघितला, मेणबत्तीसारखा वाकला होता. आणि स्वस्त मॉडेलला वर पाइप जोडायला तोंडच नसतं, ते घ्यायच्या आधी बघा.

पुणेरी_हिशेब
पाइप नसेल तर एक्झॉस्ट फॅन लावला की प्रश्न सुटतो ना?

फिटर_मामा
फॅन हवा बाहेर फेकणार, मग आत कुठून येणार? दाराला खाली जाळी किंवा फट नसेल तर फॅन नुसता फिरतो. आणि पाइपवाल्या गीझरच्या खोलीत फॅन लावला तर आणखी वाईट. दार बंद असताना तो पाइपातून जाणारा धूरच उलटा आत ओढतो. हे भल्याभल्यांना पटत नाही. अगरबत्ती पेटवून पाइपाच्या तोंडाशी धरा, धूर कुठं जातोय ते दिसेल.

पुणेरी_हिशेब
तत्त्वतः बरोबर आहे, पण फॅनच्या क्षमतेवर अवलंबून आहे. सहा इंची आणि नऊ इंची यांत

फिटर_मामा
साहेब, तुम्ही गणित करा. मी अगरबत्ती लावतो.

वाईकर
या सगळ्यापेक्षा तांब्याचा बंब बरा होता. आमच्या आजोळी मेणवलीला परसात असायचा. चार लाकडं घातली की गावजेवणाला पुरेल एवढं पाणी. त्या पाण्याची चव... म्हणजे आंघोळ... काही वेगळीच.

माणदेशी
परसात होता म्हणूनच बरा होता. आणि त्याला मधोमध धुराडं असायचं. तोच बंब कोळसे घालून बंद मोरीत ठेवला तर हेच व्हायचं.

सांगलीची_हळद
मी पुन्हा सांगते, इलेक्ट्रिक. धूर नाही, पाइप नाही. पंधरा लिटरचा दोन किलोवॅटचा गीझर वीस-पंचवीस मिनिटांत कडकडीत पाणी देतो. गार मिसळलं की दोघांचं आरामात होतं.

मृण्मयी_शाहूपुरी
ताई, पॉइंट बल्बचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मीटरपासून वेगळी जाड वायर, एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), वर अर्थिंगही तपासावं लागेल. वायरिंगचेच चार हजार सांगितले, गीझर वेगळा. आणि मालक म्हणतात भिंत फोडायची नाही, एखादं भोक चालेल.

सांगलीची_हळद
मग मालकाकडून करून घ्या. वायरिंग त्यांचं काम आहे.

कराडकर_काका
मालक एवढं ऐकणार असेल तर सोलरचंच विचारा.

स्वयंपाकघर_संगमनगर
वर कुणी सांगितलंय का माहीत नाही, पण बाथरूममध्ये खिडकी हवीच. आणि आयएसआय मार्क बघून घ्या.

फिटर_मामा
मार्कचं बरोबर बोलल्या. एलपीजीच्या छोट्या गीझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे, ते पाटीवर छापलेलं असतं. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होणारा असावा. ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारा सेन्सर काही मॉडेलना असतो, मिळाला तर चांगलंच, पण त्याच्या जिवावर बंद खोलीत लावायचा नाही. नळी नारंगी सुरक्षा होज घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर उभा, गीझरच्या बरोब्बर खाली नको.

आता खरं सांगायचं ते. ताई, तुम्हाला ड्राय बाल्कनी आहे का? असेल तर गीझर तिथं. भिंतीला एक भोक, सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाची, लाइन आत बाथरूमच्या मिक्सरपर्यंत. मी अशीच बसवतो. कोअर कटिंग, पाइप, मजुरी धरून अडीच-तीन हजार जातील.

मृण्मयी_शाहूपुरी
मामा, ड्राय बाल्कनी आहे! पण बाथरूम तिथून पॅसेजच्या पलीकडे. वॉशिंग मशीनचा नळ मात्र बाल्कनीतच आहे.

फिटर_मामा
मग लाइन पंधरा-वीस फूट जाईल. चालतंय, पण पाणी यायला वेळ लागतो आणि सुरुवातीचं गार पाणी वाया जातं. वर फोम गुंडाळायचा.

स्टेथो_सदरबझार
एक विचारतो. बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्यात का? हल्ली सगळे बसवतात. थंडी म्हणून काचा ओढून घेतल्या की ती बाल्कनी राहत नाही, दुसरं बाथरूम होतं. शिवाय बाल्कनीतून स्वयंपाकघरात दार असतं, धूर तिकडे.

मृण्मयी_शाहूपुरी
काचा नाहीत, नुसतं ग्रिल आहे. समोर रस्ता, मोकळं आहे.

गोडोलीचा_गण्या
मग वाऱ्यानं ज्योत विझणार बघा. शाहूपुरीत यवतेश्वराकडनं वारा कसा येतो माहीत हाय का?

फिटर_मामा
हे मात्र गण्या खरं बोलला. ग्रिलला तोंड करून लावू नका, बाजूच्या भिंतीला लावा. वर पावसासाठी छोटी पत्र्याची पट्टी चालेल, पण चारी बाजूंनी खोकं करायचं नाही. आणि महिन्यातून एकदा ज्योत बघा. निळी असली तर ठीक. पिवळी, लाल झाली किंवा वर काळं धरायला लागलं की वापर बंद, आधी बर्नर साफ करून घ्या. बोअरचं पाणी असेल तर कॉइलमध्ये क्षार पण बसतात, ते वर्षातून एकदा ॲसिड मारून काढावे लागतात.

माणदेशी
टाकी किती वर आहे? आमच्याकडं वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नव्हता, गीझर पेटायचाच नाही. दोष ठिणगी पाडणाऱ्या सेलचा समजून सेल बदलत बसलो.

मृण्मयी_शाहूपुरी
इमारत चार मजली, टाकी सगळ्यात वर. नळाला जोर चांगला आहे.

सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगते. गीझर बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या नळाला टी घालून, बाजूच्या भिंतीवर. पाइप आत नेत नाही. भोक नाही, मालकांची कटकट नाही. बाल्कनीत बादली भरायची आणि बाथरूममध्ये न्यायची, पॅसेज तेवढा सात-आठ पावलं. आयएसआयवाला ४,२०० ला मिळतोय, नळी-रेग्युलेटर आणि मजुरी धरून सहा हजारात बसतंय. दुसरा सिलिंडर आहेच.

सांगलीची_हळद
अगं, गीझर घेऊन बादल्या वाहणार? मग पातेलं काय वाईट होतं?

मृण्मयी_शाहूपुरी
पातेल्याला शेगडी अडते ना ताई. आणि सासूबाईंना शॉवर नकोच असतो, त्यांना बादली आणि तांब्या लागतो. कडकडीत पाणी त्यांना उचलू देणार नाही, ते काम ह्यांचं.

फिटर_मामा
कुणीच सुचवलं नव्हतं, पण धुराच्या दृष्टीनं माझ्यापेक्षा तुमचंच बरं आहे. फक्त बादलीत आधी थोडं गार पाणी घ्या, मग गरम. मुलगी लहान असेल तर पॅसेजमध्ये भरलेली बादली ठेवून आत जाऊ नका. झाल्यावर रेग्युलेटर बंद. गळतीचा वास आला तर १९०६ ला फोन, तो चोवीस तास चालू असतो.

पुणेरी_हिशेब
बादली नेताना पाणी निवतं, त्याचा हिशेब केलात का? वीस लिटर, पन्नास अंश...

कराडकर_काका
सोलर घेतलं असतं तर बादलीच उचलावी लागली नसती.

नवा_सभासद_कोरेगाव
पंधरा लिटरचा इलेक्ट्रिक विकायचा आहे, थोडाच वापरलाय. इच्छुकांनी मेसेज करावा.

संयोजक
विक्रीच्या पोस्टी 'देणे-घेणे' धाग्यात टाका.

गोडोलीचा_गण्या
मामा, आमच्या बाथरूममधला काढून बाहेर लावायचं काय घ्याल? घरच्यांनी धागा वाचलाय.