इव्हान्स गॅम्बिटमध्ये ७...डी६ ला काय खेळावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नुकत्याच पुण्यातल्या एका रेटिंग स्पर्धेत पांढऱ्याकडून इव्हान्स (चौथ्या चालीला बी४ चं प्यादं देऊन हल्ला मिळवायची सुरुवात) खेळलो. रेटिंग दोघांचंही १५०० च्या आसपास. समोर सातवी-आठवीतला मुलगा (हल्ली निम्म्या पटांवर हेच, एकीकडे काका, दुसरीकडे दप्तर).

डाव असा झाला (घो = घोडा, उं = उंट, व = वजीर, × = मारलं, + = शह, ०-० = किल्लेकोट): १. ई४ ई५ २. घोएफ३ घोसी६ ३. उंसी४ उंसी५ ४. बी४ उं×बी४ ५. सी३ उंई७ ६. डी४ घोए५ ७. उंई२ डी६ ८. वए४+ सी६ ९. डी×ई५ डी×ई५ १०. घो×ई५ घोएफ६ ११. ०-० ०-० १२. घोडी२ वसी७

सातवी चाल डी६ लिहून पठ्ठ्याने पेनाला टोपण लावलं आणि शेजारचा डाव बघायला उठला!

आता प्यादी सहा-सहा. पण हल्ल्यासाठी प्यादं दिलं होतं, त्या हल्ल्याचा पत्ताच नाही. त्याचा राजा कोटात सुखरूप, माझा वजीर ए४ वर लटकलेला, बी५ आलं की पळापळ. सी३ चं प्यादं एकटं पडलंय. जमेची बाजू एकच, राजाच्या बाजूला त्याच्या तिनांसमोर माझी चार प्यादी. ई५ वरचा घोडा वाचवायला १३. घोडीएफ३ (डी२ चा घोडा एफ३ ला) खेळलो. त्या चालीने माझ्याच एफच्या प्याद्याचा रस्ता अडला. पुढे वजीर गेले, बरोबरी झाली.

डावानंतर मुलगा म्हणाला, "काका, कास्पारोव्ह-आनंद, रिगा १९९५ बघा. आनंद सरांनी ई×डी४ मारलं, म्हणून मी डी६ खेळतो." पोरगं बरोबर होतं. त्या डावात ८. व×डी४, मग वजीर एच४ वरून जी३ ला. आनंदला किल्लेकोट जमलाच नाही, २५ चालींत डाव संपला. ७. उंई२ मी तिथूनच तर उचललंय.

तर प्रश्न:

१३. एफ४ बरं होतं का? उंसी५+ नंतर राजा एच१ ला जातो, पण त्या कर्णावर काळा उंट ठाण मांडतो. ई५ रेटायला वेळ मिळेल?

की आठव्या चालीचा शहच नको? ७. उंडी३ कुणी खेळतं का? ७. घो×ई५ मला पटत नाही. घो×सी४ ८. घो×सी४ डी५ नंतर काळ्याकडे दोन्ही उंट आणि मोकळा पट.

"सरळ डी३ इटालियन खेळा" (म्हणजे प्यादं न देता शांतपणे) हा सल्ला क्लबात मिळालाय, तो सोडून बोला. इंजिनचे आकडेही नकोत, बरोबरीच दाखवतं. आमच्या पातळीवर समोरच्याला विचार करायला लावेल अशी योजना हवी. पुस्तक सुचवलंत तरी चालेल, अप्पा बळवंत चौकात शोधतो.